मामांचा लोखंडी टोप

आमच्या मामांना माहीत नाही अशी एकही गोष्ट उभ्या सातारा जिल्ह्यात नव्हती, आणि मामा सांगायचे तशी ती गोष्ट उभ्या जिल्ह्यात कुठेच नव्हती. आगगाडी शिट्टी का मारते, नारळात पाणी कुणी घातलं, गोरा साहेब गोरा का असतो, विमान वर गेल्यावर खाली का पडत नाही, कशालाही मामांपाशी उत्तर तयार असे. विमानाचं मी स्वतः विचारलं होतं. लढाईच्या दिवसांत उंब्रजवरून अधूनमधून विमानं जात आणि आम्ही मुलं माना दुखेपर्यंत वर बघत बसू. मामांनी हातातला ऊस सोलता सोलता एकदा आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पडंल कशाला? त्येला सवय हाय." साहेबाच्या गोरेपणाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की त्याला लहानपणी ऊन दाखवत नाहीत. हे सगळं ते इतक्या शांतपणे आणि इतक्या खात्रीनं सांगत, की ऐकणाऱ्याला आपण आजवर विनाकारण शाळेत गेलो असं वाटावं.

वडील मी पाळण्यात असतानाच गेले. तेव्हापासून आई आणि मी मामांकडेच होतो. मामा म्हणजे आडवा-उभा सारखाच माणूस. तरुणपणी तालमीत होते, त्यामुळे मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. आणि कान! कुस्तीत मोडून, फुगून, आतल्या बाजूला वळून त्यांच्या पार करंज्या झाल्या होत्या. मामी लाटलेली करंजी बिघडली की परातीकडे बघून म्हणायची, "ह्ये बगा, तुमचा कान झाला." मामा रागावत नसत. ते मामीला करंजी लाटायची खरी रीत सांगायला बसत.

नुसतं सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण मामांचं दुसरं तत्त्व असं, की वस्तू हाताळल्याशिवाय कळत नाही. गावात नवा डॉक्टर आला तेव्हा त्याची नळी मामांनी त्याच्याच गळ्यातून काढून स्वतःच्या कानांना लावली. त्या कानांत ती जाईना म्हणून नुसतीच वर टेकवली, आणि दुसरं टोक डॉक्टरच्या छातीला लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. मग नळी परत देत म्हणाले, "डाक्टर, जरा जपून ऱ्हावा." तो बिचारा त्या रात्री जेवला नाही म्हणे. शेजाऱ्यांच्या फोनोग्राफमध्ये आत बसून गाणारं कोण ते बघायला त्यांनी तो सगळा सोडला, पुन्हा सगळा जोडला, आणि त्यानंतर त्या फोनोग्राफवर बायकांचं गाणं लावलं तरी पुरुषाच्या आवाजात ऐकू येई. "आता खरा आवाज आला," मामा म्हणाले.

ह्या मामांवर माझं लग्न जमवायची जबाबदारी होती. आई विधवा, म्हणून अशा कामात पुढे यायची नाही. आतल्या दाराआड उभी राहून कान देऊन ऐकायची आणि पदर दातांत धरायची. पदर धरण्यासारखंच सगळं घडत होतं. पहिली मंडळी मला बघायला आली तेव्हा मामांनी त्यांचे बैल बघून त्या बैलांच्या शिंगांवरून मालकाच्या स्वभावाचं वर्णन केलं. दुसऱ्या मंडळींनी चहाची बशी खाली ठेवायच्या आत मामांनी त्यांच्या गावची देवी मूळची आमच्याकडची आणि ती रुसून तिकडे कशी गेली हे सांगितलं. तिसरं स्थळ फार चांगलं होतं. तिथे मामांनी ठरवलं, की आज दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं नाही, फक्त पोरीची तारीफ करायची. म्हणाले, "आमची सुमी म्हंजी वाघीन हाय बगा. घरात भाकरी थापाया बसली की चुलीला दम लागतो. आन् एकदा चिडली तर आमचा खिलाऱ्या बैल दावं तोडून वड्याकडं पळतो." मुलाची आई माझ्याकडे आणि मग आपल्या किडकिडीत मुलाकडे बघत राहिली. त्यांनी निरोपसुद्धा पाठवला नाही.

त्या रात्री आई अंथरुणात मला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "त्येचा जीव लय हाय गं तुज्यावर." मला तेव्हा सतरावं संपत आलं होतं. गावातल्या बायका विहिरीवर भेटल्या की माझं वय मोठ्यानं मोजायच्या.

चौथं स्थळ मामीच्या भावानं आणलं. तो सांगलीला विश्रामबागेत राहायचा, नोकरीत होता, आणि मामांना ओळखून होता. मुलगा लढाईवर जाऊन सुखरूप परत आलेला. मुलाचे वडीलही पलटणीतलेच, सुभेदार होऊन घरी बसलेले. पंचवीस एकर ऊस, माणसं सरळ. फक्त सुभेदारांना बडबड्या माणसाचा तिटकारा. मामीच्या भावानं हे पत्रात दोनदा लिहिलं होतं. त्याच्या डोक्यातून बेत निघाला तो असा: दाखवण्याचा कार्यक्रमच नको, पाटावर बसणं नको, चहा-पोहे नकोत. सुभेदारांच्या गावात जुना भुईकोट किल्ला होता आणि संस्थानिकांनी त्यात शस्त्रं, पालख्या, चित्रं मांडून एक लहानसं संग्रहालय केलं होतं. आपण पोरांना किल्ला दाखवायला म्हणून जायचं, ती मंडळी सहज फिरत फिरत आली असं करायचं. मुलगी नजरेखालून जाईल, चार शब्द होतील, संपलं. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. पुढे माझी सगळी हयात तिथेच गेली आणि गावात अजून मान आहे.

मामी येणार होती, पण नेमकी म्हैस व्यायला झाली. म्हणून मामा, मी, मामांची चार मुलं आणि मुलांच्यात मिसळून आलेलं शेजारचं एक, अशी फौज निघाली. लढाईमुळे पेट्रोल मिळायचं नाही, त्यामुळे सर्व्हिस मोटारी कोळशाच्या भट्टीवर चालत. मागे भट्टी, वर धूर, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. मामांनी ढकललं नाही. ते ड्रायव्हरच्या बाजूनं चालत त्याला गाडी कशी हाकायची ते सांगत राहिले. विश्रामबागेत पोचलो तेव्हा आम्ही सगळे काळे झालो होतो आणि ड्रायव्हर पांढरा पडला होता.

मामीच्या भावाला रजा मिळाली नव्हती; दुसऱ्या दिवशी आम्ही निघताना त्यानं मामांचा हात हातात घेतला. "दाजी, पाया पडतो. तिथं निस्तं राम राम म्हना आन् गप बसा."

"आरं, मी बोलतो कुटं?" मामा म्हणाले. आणि ते किती कमी बोलतात हे त्यांनी मोटार सुटेपर्यंत समजावून सांगितलं.

किल्ल्यात पोचलो तेव्हा मंडळी यायला बराच अवकाश होता. दरवाजाच्या आत एक चौक, चौकात दोन तोफा, आणि समोर कौलारू लांबट इमारतीत ते संग्रहालय. राखणदार एक दस्तगीर नावाचे म्हातारे गृहस्थ होते. अंगावर संस्थानचा खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, आणि हातात पिसांचा झाडू. "बगा, पर हात लावू नगा," एवढं ते प्रत्येकाला सांगत. भिंतीवरही 'हात लावू नये' अशी मोठी पाटी होती. मामांनी ती मोठ्यानं वाचली. "ह्ये पोरांसाठी लिवलंय," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी पोरांना संग्रहालय दाखवायला सुरुवात केली.

दारातच पेंढा भरलेला एक वाघ होता. त्याच्या पोटाची शिवण उसवून पेंढा बाहेर आला होता. "ह्यो वाघ शाकाहारी हुता," मामा म्हणाले. "बगा, पोटात काय निगालंय." पुढे एक बंद पडलेलं मोठं घड्याळ होतं. ते महाराजांच्या दुःखानं थांबलं होतं. त्यापुढे पालखीचा वाकडा दांडा होता. तो एका लठ्ठ राणीसाहेबांमुळे वाकला होता. एका तसबिरीतला दाढीवाला सरदार त्यांनी आमच्या आजोळच्या बाजूनं नात्यातला निघतो असं सिद्ध केलं. एवढ्यात बाजारासाठी आलेलं एक कुटुंब आत शिरलं होतं, तेही आमच्या मागे मागे फिरू लागलं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईनं सरदाराच्या तसबिरीला हात जोडले. दस्तगीरचाचा सुरुवातीला झाडू थांबवून ऐकत होते. त्यांची इतकी वर्षं त्या वस्तूंबरोबर गेली, पण त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. दोन दालनं झाल्यावर मात्र त्यांनी कपाळावर हात मारला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी दाराकडे डोळे लावून होते. अंगावर आईचं जुनं जांभळं लुगडं, वेणीला नवी लाल रिबीन. मामा असेच सुरू राहिले तर सुभेदार दारातूनच परत फिरतील हे मला दिसत होतं. "मामा, आता जरा बसू या का?" मी म्हणाले.

"बसू की. ह्यो येवढा टोप झाला की बसू."

शेवटच्या दालनात, तलवारींच्या खाली लाकडी खुंटावर एक लोखंडी टोप ठेवला होता. घुमटासारखा गोल, वर टोक, नाकासमोर खाली येणारी पट्टी, आणि मागे मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. मामांनी तो घालून लढणारा मावळा कसा दिसायचा ते सांगितलं, वार कसा घसरायचा ते हातानं दाखवलं. सगळं नीट चाललं होतं. पण त्यांची धाकटी गुणी, सहा वर्षांची, बापाचीच लेक. तिनं विचारलं, "आबा, ह्यात ऐकाया येतं का?"

"येतं की."

"कशावरनं?"

जगात कुणी मामांना 'कशावरनं' असं विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा खिडकीतल्या दस्तगीरचाचांच्या पाठीकडे पाहिलं, पागोटं काढून माझ्या हातात दिलं, आणि टोप उचलून डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी खाली दाबला. करंज्या मुडपून आत गेल्या. पट्टी नाकावर येऊन बसली.

"बोल काय बोलायचं त्ये," मामा आतून म्हणाले.

"आबा, तुमी येडं दिसताय," गुणी हळूच म्हणाली.

"ऐकलं!" मामा आनंदानं ओरडले. "बगा, समदं ऐकाया येतं!" आणि टोप काढायला त्यांनी हात वर नेले.

टोप निघाला नाही.

आधी त्यांनी तो सरळ ओढला, मग फिरवून ओढला. टोप फिरला, मामाही फिरले. आत मुडपलेले कान बाहेर यायच्या वेळी आडवे होऊन अडकत होते. थोरल्या दोन मुलांनी कडांना धरून लोंबकळून पाहिलं. आवाज ऐकून दस्तगीरचाचा आले आणि झाडू हातातून गळाला.

"या अल्ला! आवं पावणं, ह्ये काय केलं?"

"काय न्हाई चाचा. पोरांस्नी दाखवत हुतो."

"काडा त्यो! संस्थानचं साहेब पाचाला येत्यात. समद्या वस्तू बगून कुलूप लावत्यात. टोपाबिगर तुमी खुशाल जावा, टोपासकट न्हाई जाता येनार."

"मग मुंडकं हितंच ठिवून जाऊ व्हय?"

चाचा विचारात पडले. तेही चाललं नसतं. ज्याची कुठे नोंद नाही अशी वस्तू तिथे ठेवता येत नव्हती.

मग खरी झटापट झाली. मामांनी बाहेर येऊन तोफेला मिठी मारली, चाचांनी तोफेला पाय लावून टोप धरला, पोरांनी चाचांच्या कोटाचा घेर धरला, आणि त्या बाजारच्या कुटुंबानं पोरांना धरलं. म्हातारी बाई 'जय' म्हणाली. सगळे एकदम ओढू लागले, आणि चाचांचा बिल्ला तुटून सगळे एकमेकांवर पडले. माझ्याजवळ शिदोरीत धपाटे होते आणि लोण्याचा गोळा होता. मी लोणी काढून टोपाच्या कडेनं आत सारलं. ते वितळून मामांच्या गालांवरून ओघळलं आणि शेजारच्या पोरानं बोटानं पुसून खाल्लं. आणि हा सगळा वेळ मामा बोलत होते. अशा टोपाला आत एक गुप्त कळ असते, ती दाबली की तो फुलासारखा उमलतो, फक्त कळ सापडायला पाहिजे.

"आबा, तुमी लय मोठ्यानं बोलताय," थोरला म्हणाला.

"आरं, आत लय घुमतंय. माजाच आवाज माज्या डोसक्यात बसतोय. जीव नकोसा झालाय!"

"आमाला रोज तसंच हुतंय," थोरला म्हणाला.

दस्तगीरचाचा खाली बसून मामांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. अचानक म्हणाले, "पावणं, तुमी बोलला की तुमची कानशिलं फुगत्यात. बगा, टोप वर उचलतोय आन् परत आवळतोय. जरा गप बसा, सूज उतरू द्या. न्हाईतर त्यो आत रुतनार."

"ह्ये असं नसतंय, चाचा, सूज म्हंजी..."

"मामा," मी म्हणाले. किल्ल्याच्या दरवाजातून फेटा बांधलेले एक उंच गृहस्थ आणि त्यांच्यामागून खाकी पँटीतला एक तरुण आत येत होते. "मामा, ती मंडळी आली. तुमाला माज्या गळ्याची आन हाय. बोलू नगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. नाकावरच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी दोन डोळे. तोंड उघडलं होतं ते त्यांनी मिटलं. मग ते उठून ताठ चालत आत गेले आणि तलवारींच्या खाली, रिकाम्या खुंटाशेजारच्या स्टुलावर, मांड्यांवर हात ठेवून बसले; आम्हीही मागोमाग आत शिरलो.

सुभेदार वाघावरून, घड्याळावरून नजर टाकत शेवटच्या दालनात आले. मामांपाशी थांबले. हातातल्या काठीनं त्यांनी मामांच्या दंडाला दोनदा टोचलं. मुलाला म्हणाले, "ह्यो पुतळा मागल्या बारीला नव्हता. काम चांगलं केलंय. पर लोनी कशाला लावलंय?"

"त्यो पुतळा न्हाई," गुणी म्हणाली. "त्यो आमचा आबा हाय."

पुतळ्यानं हात जोडून राम राम केला. सुभेदार दोन पावलं मागे सरले. मला वाटलं भुईनं पोटात घ्यावं. आता काय सांगायचं, कसं सांगायचं? पण सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच. मी पदर सावरला, पुढे झाले, सुभेदारांच्या पायांना हात लावला आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. गुणीचा प्रश्न, टोप, कान, तोफ, लोणी. चाचा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. सांगता सांगता मलाच हसू यायला लागलं आणि मी ते दाबायला गेले तर नाकातून आलं.

सुभेदार हसले नाहीत. बाकावर बसले आणि मला विचारू लागले. शेती किती? मी सांगितलं, अकरा एकर. त्यात बागायत चार. टोपातून एक खोल हुंकार आला. मामांच्या तोंडी ती शेती चाळीस एकरांच्या खाली कधी आली नव्हती. शिक्षण किती? मी सांगितलं, मराठी सातवी, पण गणितात काठावर. पुन्हा हुंकार. स्वयंपाक? सांगितलं, भाकरी बरी येते, पुरणपोळी फुटते. मामांचे डोळे गरगर फिरायला लागले. हात उठले, हवेत एक मोठी गोल पुरणपोळी काढली, ती अजिबात न फुटल्याचं दाखवलं. पण तोंड मिटलेलं होतं. कपाळावरून घामाबरोबर लोणी ओघळत होतं. ते बघून मला हसूही येत होतं आणि ते पदरानं पुसावंसंही वाटत होतं. तालमीत त्यांना कुणी एवढा वेळ दाबून धरलं नव्हतं.

"आन् राग?" सुभेदारांनी विचारलं.

"येतो," मी म्हणाले. "पर टिकत न्हाई."

सुभेदारांनी मुलाकडे पाहिलं. तो तरुण, म्हणजे आता ज्यांना मी 'हे' म्हणते ते, आतापर्यंत चित्रं बघितल्यासारखं करत होता. तो पुढे आला, पण माझ्याकडे नाही, मामांकडे गेला. टोपाच्या कडेत त्यानं एक बोट घातलं, कान चाचपला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमची रिबीन द्याल का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"रिबीन. कानावरनं घालून वडली, तर कान चपटा बसंल."

मी वेणीची रिबीन सोडून दिली. गाठ लवकर सुटेना. त्यानं ती लोण्यात बुडवली, हळूच आत सारून एका कानावरून पलीकडे काढली आणि दोन्ही टोकं मला धरायला दिली. "मी टोप वर घेतो, तुमी रिबीन खाली वडा. सावकाश. मामा, तोंड उघडू नगा."

लग्नाच्या आधीच आम्ही दोघं एका कामाला लागलो ते असं. मी ओढली. एक करंजी सुटली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते बोलले नाहीत. मग दुसऱ्या बाजूनं. टोप वाकडा झाला, थांबला, आणि एकदम 'फट्' असा आवाज होऊन त्या तरुणाच्या हातात आला. दस्तगीरचाचांनी तो हिसकावून घेतला, कोटाच्या बाहीनं लख्ख पुसला आणि खुंटावर ठेवला. बाहेर साहेबांच्या सायकलीची घंटा वाजत होती.

सुभेदार उठले. "पावणं," मामांना म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. खरं बोलतीया. पुढचं बोलाया आमी येतो उंब्रजला."

मामांचे कान लाल होऊन दुप्पट झाले होते. ते काही तरी म्हणायला गेले. पण त्यांनी सुभेदारांचे दोन्ही हात धरले, तसेच धरून ठेवले, आणि एवढंच म्हणाले, "पोरीला बाप न्हाई, सुभेदार. सांबाळा." मग लगेच, जणू धरण फुटलं: "आन् शेती अकरा न्हाई बरं का, तिला ठावं न्हाई, वड्याकडची धरली तर..."

"ऱ्हाऊ द्या," सुभेदार म्हणाले, आणि तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

परतीच्या मोटारीत मामांनी सगळ्या उतारूंना त्या टोपाची हकिगत सांगितली, आणि त्यात ते टोप घालून बसले होते ते माझी परीक्षा पाहायला. पुढे लग्नात, जावळात, बारशात, ती हकिगत वाढत गेली. त्यांच्या सांगण्यात तो टोप चांदीचा झाला, सुभेदार घोड्यावरून आले. माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा ते ती सांगत, आणि माझे सासरे, ज्यांना बडबड्या माणसाचा तिटकारा, ते मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत. दर उसाच्या हंगामात मामा गुळाची ढेप घेऊन आमच्याकडे यायचे. ते आले की माझी मुलं शाळेला जायची नाहीत, आणि पाठवली तरी तिथून चुकीची उत्तरं देऊन परत यायची.

शेवटची दोन वर्षं मामांची तब्येत ढासळली. मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी रोज दुपारी जाऊन बसायचे. अंगावरचं मांस गेलं होतं, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्यांना मान असल्याचं दिसत होतं. खिडकीतून जंक्शनातल्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. मला वाटायचं, आता सांगतील शिट्टी का मारतात ते. ते फक्त माझ्याकडे बघून म्हणायचे, "तू सांग, सुमे. मी ऐकतो."

मी काय सांगणार? घरचं सांगायचे, मुलांचं, गाभण म्हशीचं. एक दिवस काहीच सुचेना, तेव्हा मी मुद्दाम म्हणाले, "मामा, कृष्णेपरास कोयनाच मोठी नदी, न्हाई का?" कृष्णाकाठच्या माणसाला हे बोलले होते. चार वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर मामांनी त्याला हाताला धरून कऱ्हाडच्या संगमावर नेऊन उभं केलं असतं. मी वाट बघत राहिले.

मामांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावर हात ठेवला. "असंल बाय," ते म्हणाले. "तू म्हनतीस तर असंल."

मला ते सोसवेना. मी खुर्ची पुढे ओढली आणि कृष्णाच कशी मोठी, ती कुठून येते, तिच्या काठची माती कशी, ऊस कसा, माणसं कशी, जे आठवेल ते आणि जे नाही तेही, अंधार पडेपर्यंत मोठ्यानं सांगत बसले.